काळी शेळी माहेरी जाते

वाल्मिक मुकादमाने चांगल्या माणसाला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात जन्मभर नोकरी केली, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. ऊसतोडणीच्या टोळ्या आणि त्यांचे मुकादम हा माझा रोजचा विषय. मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या. गावोगाव हिंडून तोडणीची जोडपी जमवायची, हंगामभर एकत्र ठेवायची आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की सुखरूप घरी आणायची, हे त्याचं काम. या धंद्यात ऊस पेटण्याची किंवा ट्रॉली उलटण्याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती एकच: दुसरा मुकादम आपलं चांगलं जोडपं फोडून नेईल. म्हणून वाल्मिक चारचौघांत नेहमी उलटं बोलायचा. एकदा फडावर एका जोडप्याने दुपारच्या आत ट्रॉली भरत आणली होती. मी सहज कौतुक केलं, तर त्याने मला दंडाला धरून बांधापलीकडे नेलं आणि हळू आवाजात समज दिली. "सायेब, रस्त्याच्या कडंला असलं बोलू नका. उसालाबी कान असत्यात."

याची दुसरी बाजूही होती. त्याच्या टोळीत बन्सी नावाचा एक गडी होता. तो ट्रॉलीखालच्या सावलीत झोपायचा आणि ट्रॉली हलली की दुसरी सावली शोधायचा. वाल्मिक चहाच्या टपरीवर, सगळे मुकादम जमलेले असताना, बन्सीचे गुण गायचा. पुढच्या हंगामात बन्सी सूर्यभानच्या टोळीत दिसला. सूर्यभान म्हणजे वाल्मिकचा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ. तोही मुकादम. दिवाळीला घरी आला तर ताटाला ताट लावून जेवायचा, आणि हंगाम लागला की दाजींची माणसं फोडायला पहिला हजर.

वाल्मिकची बायको पुष्पावती. मुकादमाची बायको असूनही ती कोयता घेऊन फडात उतरायची. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात असते. दमलेली माणसं वीतभर खुंट ठेवून देतात. पुष्पावती पुढे सरकली की मागचा फड दाढी केल्यासारखा दिसायचा. तिने बांधलेली मोळी गाडीत पडेपर्यंत सुटायची नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. वाल्मिकला मात्र तिच्याबद्दल कोणी विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं: "हाय आपली. भाकरी बडवती."

मग तोडणीची यंत्रं आली. गुडघे दुखायला लागले. जोडपी एकेक करून दुसरीकडे लागली आणि एके वर्षी दसऱ्यानंतर गावातल्या टोळ्या निघाल्या, तेव्हा वाल्मिक ओट्यावरच बसून राहिला. त्याची टोळी मोडली होती. सूर्यभानने नेवाशाजवळ घर बांधलं आणि तो तोडणीच्या यंत्रावर देखरेख करायला लागला. भेटला की दाजींना यंत्राची महती सांगायचा: ते आजारी पडत नाही, भांडत नाही, आणि त्याला कोणी फोडत नाही.

शेवगावात वाल्मिकचं घर माझ्या घरासमोर आहे. त्यामुळे पुढचं सगळं मला रस्ता ओलांडून बघायला मिळालं.

त्याचा मुलगा कल्याण चाकणला कंपनीत आहे. एका दिवाळीला त्याने आईबापांना एकेक मोबाईल दिला आणि जाताना स्वतःसाठी टाकलेला एक खेळ काढायला विसरला. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे त्याला 'दरी' म्हणतात, कारण तो एका दरीत चालतो. दरीत राक्षस असतात. देशभरातली माणसं आपापल्या मोबाईलवरून एकाच वेळी तिथे उतरतात, हातातल्या शस्त्राने राक्षस मारतात, त्यातून चांगली शस्त्रं मिळवतात आणि आणखी मोठे राक्षस मारतात. एकट्याने फार काही होत नाही, म्हणून टोळी करायची असते. टोळीला एक म्होरक्या असतो, आणि टोळ्या एकमेकींवरही चालून जातात.

वाल्मिकने हे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ही तर तोडणीच हाय."

महिन्याभरात त्याने टोळी उभी केली. मुकादमाचं तोंड होतं, ते वाया कसं जाईल? श्रीरामपूरचा समर्थ मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून खेळायचा, तो आला. नगरची काही कॉलेजची पोरं आली, संस्कृती नावाची एक नर्स आली. मला मोबाईलवर पैसे पाठवण्यापलीकडे काही येत नव्हतं, तरी "सायेब, एक माणूस कमी पडतोय" म्हणून मलाही घेतलं. खेळात प्रत्येकाने नाव घ्यायचं असतं. त्याने 'मुकादम' घेतलं. माझं 'लेखनिक' असं परस्पर लिहून टाकलं. पुष्पावती भाकऱ्या झाल्या की मोबाईल घेऊन बसायला लागली. तिला नाव सुचेना, तेव्हा दारात बांधलेल्या शेळीकडे बघून तिने 'काळीशेळी' लिहिलं.

काळीशेळीने दोन विळे घेतले आणि राक्षसांच्या पायांवर घाव घालायला सुरुवात केली. बाकीचे सगळे डोक्यावर मारत, कारण डोकं दिसतं. पुष्पावतीला बुडख्यापासून तोडायची सवय. मोठमोठे राक्षस उभ्या उभ्या आडवे होऊ लागले आणि मग पोरं येऊन त्यांच्या छातीवर नाचू लागली. टोळीला वाटायचं आपण मारलं. मुकादमाला खरं काय ते दिसत होतं, आणि म्हणूनच तो गटाच्या गप्पांत लिहायचा, 'काळीशेळी, जरा हात चालवा.'

या खेळाची एक रीत ऐकून मी चक्रावलो होतो. दर तिमाहीला तिथे नवा हंगाम लागतो आणि मागचं सगळं पुसलं जातं. कमावलेली शस्त्रं, ताकद, पातळी, सगळं शून्य. शिवाय प्रत्येक हंगामात नव्या पद्धती येतात आणि हंगाम संपला की जातात. एका हंगामात घोडे होते, एका हंगामात विषारी धुकं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मागची शिल्लक पुढे ओढायची नाही, ही कल्पना मला सहन होत नव्हती. समर्थ तर दरवेळी सुतकात बसायचा. वाल्मिकला मात्र त्यात नवल वाटलं नाही. दरसाल नवा फड, नवी खोपी, कोयत्याला नवी धार, जन्मभर तो हेच करत आला होता.

गेल्या चैत्रात नवा हंगाम लागला. त्याचं सूचनापत्रक इंग्रजीत होतं, भलंमोठं. वाल्मिकच्या ओट्यावर बसून मी ते मराठीत सांगत गेलो. या हंगामात प्रत्येक टोळीला एक गौरवस्तंभ मिळणार होता. दर गुरुवारी म्होरक्याने एका माणसाचं नाव त्यावर कोरायचं आणि त्याच्या कामाबद्दल चार शब्द लिहायचे. त्या माणसाची ताकद आठवडाभर दीडपट होणार आणि ते शब्द दरीतल्या सगळ्या टोळ्यांना दिसणार. दुसरी गोष्ट, प्रत्येक टोळीची एक शेकोटी असणार आणि माणसागणिक तिची एक ठिणगी, ज्याच्या त्याच्या कामाएवढी मोठी. कोणीही माणूस मध्येच टोळी सोडून दुसरीकडे जाऊ शकेल, आणि जाताना आपली ठिणगी घेऊन जाईल. त्याला परत यायचं झालं, तर जुन्या म्होरक्याने त्याचं नाव स्तंभावर कोरलं तरच येता येईल.

आणि हंगामाच्या शेवटी दरीतला लोखंडी दरवाजा फोडायचा. आपल्या भागातली जी टोळी तो आधी फोडेल, तिचं नाव दरवाजाच्या चौकटीवर कोरलं जाईल. सगळं पुसलं गेलं, तरी चौकटीवरचं नाव पुढच्या प्रत्येक हंगामात तसंच राहील.

हे ऐकल्यावर वाल्मिक सरळ बसला. "वाल्मिक मुकादमाची टोळी," तो हळूच म्हणाला. "ऱ्हाईल म्हणता?"

राहील, मी म्हटलं. जन्मभर टोळ्या नेल्या आणि आणल्या, पण कारखान्याच्या कुठल्या भिंतीवर मुकादमाचं नाव लिहीत नाहीत. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे विचारायची गरज नव्हती. मी पुढे वाचायला लागलो. चौकटीबद्दल खाली बारीक अक्षरात आणखी एक कलम होतं.

"पुरं, सायेब," तो म्हणाला. "बाकीचं फडात कळंल."

मी मोबाईल खिशात ठेवला. परिपत्रकं मी शेवटपर्यंत वाचतो, ते कलम मी घरी जाऊन वाचलं. पण ज्याने पुरे म्हटलं, त्याला परत बोलावून सांगायचं नाही, हा आमच्या कार्यालयाचा जुना शिरस्ता आहे.

पहिल्या गुरुवारी स्तंभावर नाव आलं ते कॉलेजच्या एका पोराचं, जो क्लासमुळे आठवडाभर दरीत उतरलाच नव्हता. मुकादमाने लिहिलं होतं, 'हा गडी म्हणजे माझा उजवा हात.' शनिवारी तो पोरगा सूर्यभानच्या टोळीत गेला. हो, सूर्यभानही दरीत होता. दाजी खेळतात म्हटल्यावर तो गप्प कसा बसेल? त्याने 'सरदार' नाव घेतलं होतं आणि त्याची टोळी आमच्यापेक्षा मोठी होती.

दुसऱ्या गुरुवारी स्तंभावर माझं नाव आलं.

'लेखनिक यांच्यासारखा लढवय्या दरीत न्हाई. हे नसते तर टोळी कवाच बसली असती.' मी ते दोनदा वाचलं. पत्नीला दाखवलं. नोकरीत मला कधी असा शेरा मिळाला नव्हता. दुपारी सरदाराचा निरोप आला, आमच्याकडे या, तुमच्यासारख्यांची कदर होईल. संध्याकाळी मी वाल्मिककडे गेलो, म्हटलं मी कुठे जात नाही, निश्चिंत रहा. त्याचा चेहरा पडला. पुष्पावती आतून हसू दाबत चहा घेऊन आली, आणि तेव्हा कुठे मला बन्सी आठवला.

असे आठवडे गेले. मुकादम टाकाऊ माणसांची आरती ओवाळत होता, सूर्यभान ती उचलत होता, आणि आमची टोळी लहान पण कसदार होत चालली होती. वाल्मिक खुशीत होता. एका गोष्टीकडे मात्र त्याचं लक्ष नव्हतं. दर गुरुवारी सकाळी पुष्पावती चूल सोडून आधी मोबाईल बघायची आणि मग पुन्हा चुलीकडे जायची.

मग ती मोठी लढाई झाली. दलदलीतल्या राक्षसाने टोळीतल्या सगळ्यांना एकामागून एक लोळवलं, मुकादमालाही. काळीशेळी एकटी उरली. ती त्याच्याभोवती फिरत राहिली, पायांवर घाव घालत राहिली. तवा तापून धूर निघायला लागला तरी उठली नाही. शेवटी तो पडला. गटात समर्थने लिहिलं की मी जेवायला गेलो होतो, काय झालं कोणी सांगेल का?

त्या गुरुवारी स्तंभावर समर्थचं नाव होतं.

मी वाल्मिकच्या ओट्यावर चहाची वाट बघत होतो. पट्टा पडल्यावर शेतकी विभागाला तशी घाई नसते. पुष्पावतीने मोबाईल पाहिला आणि सरळ बाहेर आली.

"समर्थनं काय केलं?"

"काय न्हाई," वाल्मिक म्हणाला. "तेच तर. त्याला सूर्यभाननं न्यावा म्हणून घातलंय."

"आन् मी?"

"तू काय, घरातलीच."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला, कपबश्यांचा आला. वाल्मिकचा मोबाईल वाजला. त्याने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मोबाईल माझ्याकडे दिला. खेळाची सूचना होती, काळीशेळी टोळी सोडून गेली. तेवढ्यात पुष्पावती बाहेर आली आणि तिने त्याच्या हातात कप ठेवला.

"कुठं गेलीस?" तो म्हणाला.

"माहेरी," ती म्हणाली आणि मला साखर पुरेशी आहे का ते विचारलं.

अर्ध्या तासात सूर्यभानचा फोन आला. वाल्मिकने आवाज मोठा ठेवला होता, कानाला कमी ऐकू येतं म्हणून. "दाजी, अक्का माहेरपणाला आली हाय, तुमी काळजी करू नका. चार दिस ऱ्हाईल, साडीचोळी करून धाडू." मागे कोणीतरी हसत होतं.

त्या आठवड्यात वाल्मिकच्या घरी जे चाललं, त्याला नाव नाही. पुष्पावती त्याला वेळेवर जेवायला वाढायची, गुडघ्याला तेल लावायची, आणि ताटं विसळून झाली की त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून दरीत त्याचे पाय तोडायची. मुकादम उतरला रे उतरला की दोन विळे आलेच. एकदा तो कळवळून म्हणाला की निदान जेवल्यावर तरी थोडं थांब. ती म्हणाली, सरदाराचा हुकूम आहे, टोळीत राहायचं तर ऐकावं लागतं. तिच्याबरोबर तिची ठिणगीही गेली होती, आणि आमची शेकोटी धुमसायला लागली होती. दरवाजा फोडायला थोडेच दिवस उरले होते. तिच्याशिवाय तो फुटणार नाही, हे आता समर्थलासुद्धा कळत होतं.

वाल्मिकने मग आमच्याकडची रीत केली. बायको रुसून माहेरी गेली, तर नवऱ्याने जाऊन आणायची असते. त्याने धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि मला सोबतीला घेऊन नेवाशाची एसटी पकडली. पुष्पावती दारात शेळीला पाला घालत होती. कुठे निघालात, तिने विचारलं. तुला आणायला, तो म्हणाला. बरं, ती म्हणाली, जाताच आहात तर भावाला सांगा, मिरच्या वाळल्या असतील तर धाडून दे.

कुकाण्याला गाडी थांबली, तेव्हा मी म्हटलं की वाल्मिकराव, ज्या बाईला आणायला आपण निघालो आहोत, ती मागे घरी आहे. तो म्हणाला, माहीत आहे. पण मेहुण्याच्या उंबऱ्यावर गेल्याशिवाय बायको आणली असं होत नाही.

सूर्यभानने स्वागत चांगलं केलं. पाय धुवायला पाणी दिलं, पोहे झाले, चहा झाला. पेढ्यांचा पुडा उघडून त्याने पहिला पेढा दाजींच्याच तोंडात घातला. मग पाय पसरून बसला.

"न्या की, दाजी. आमी कुठं अडवली? पर न्यायचं माझ्या हातात न्हाई. स्तंभावर नाव घाला आन् न्या."

"दुसरा काय मार्ग?"

"न्हाई. आन् तुमाला त्ये जमायचं न्हाई." तो माझ्याकडे वळला. "सायेब, आमच्या आईनं मरताना दाजींना इचारलं हुतं, माझी पोर कशी हाय म्हणून. हे म्हणालं, भाकरी बडवती."

 येताना वाल्मिक एसटीत मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. घरी आलो तर पुष्पावतीने विचारलं, माहेरचे बरे आहेत ना? बरे आहेत, तो म्हणाला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

गुरुवार उजाडला. दरवाजा रविवारी फोडायचा होता, म्हणजे हा शेवटचाच गुरुवार. वाल्मिकने सकाळीच स्तंभावर लिहिलं, 'काळीशेळी. बरी हाय.' लाल अक्षरात सूचना आली की कारण पुरेसं नाही. त्याने 'बरी हाय' च्या ऐवजी 'ठीक हाय' लिहिलं. तेही चाललं नाही. मग तो माझ्याकडे आला. मी त्याला व्यवस्थित मजकूर करून दिला, 'सदर सदस्या कर्तव्यदक्ष असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.' खेळाला तो मान्य झाला असता. वाल्मिकनेच खाली ठेवला. हा शाळा सोडल्याचा दाखला वाटतोय, तो म्हणाला.

मग तो शेळीच्या खुंट्याजवळ जाऊन उकिडवा बसला. त्याला टंकायला फार वेळ लागायचा, म्हणून कल्याणने बोलून लिहायची सोय दाखवून ठेवली होती. बटण दाबून तो मोबाईलशी बोलायला लागला. कानाला कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलत नाही. खुंटा स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होता. आत भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला.

"काळीशेळी," तो म्हणाला. "हिचं नाव पुष्पावती. ही माझ्यासंगं जन्मभर फडात हुती. हिनं कवा खुंट ठेवला न्हाई. हिची मोळी कवा सुटली न्हाई. लोक म्हणत्यात, वाल्मिक मुकादमाच्या तोंडामुळं टोळी टिकली. खोटं हाय. नव्या जागी उतरलो की पहिल्या सांजंला ही आपल्या चुलीतला इस्तू घेऊन दर खोपीत जायची, नव्या बायांची चूल पेटवून द्यायची. माणसं त्या इस्तवावर टिकली. मी तोंडानं कवा चांगलं म्हणलो न्हाई, कारण चांगल्या माणसाला लोक नेत्यात. नेली असती तर मी काय केलं असतं?"

तो थांबला. शेळीने मोबाईलला तोंड लावायचा प्रयत्न केला, तिला त्याने ढकललं.

"एवढंच," तो म्हणाला, आणि ते 'एवढंच' सुद्धा स्तंभावर उमटलं.

या वेळी लाल सूचना आली नाही. आत भाकरी पुन्हा सुरू झाली, पण फार जोरात. दुपारी काळीशेळी टोळीत परत आली, ठिणगीसकट.  जेवताना वाल्मिकच्या ताटात लोण्याचा गोळा होता, एवढं मी खिडकीतून पाहिलं.

मुकादमाची भीती मात्र अगदी खरी निघाली. संध्याकाळच्या आत काळीशेळीला बोलावणी यायला लागली. कोल्हापूरची एक टोळी, इंदूरची एक, आणि भाषा न कळणाऱ्या आणखी कितीतरी. पुष्पावती चष्मा लावून एकेक निरोप मोठ्याने वाचायची आणि नवऱ्याकडे न बघता म्हणायची, "इचार करून सांगते."

रविवारी दुपारी दरवाजा फोडायला आम्ही सगळे दरीत उतरलो. सूर्यभानची टोळी आधीच पोचली होती. गर्दी मोठी, पण त्यात आम्ही गौरव करून पाठवलेली माणसं ठासून भरलेली. सगळे दरवाजाच्या मधोमध हाणत होते, जिथे मोठं कुलूप होतं. काळीशेळी कोपऱ्यात गेली आणि खाली वाकून बिजागरीच्या बुडख्यावर घाव घालायला लागली. मुकादमाने टोळीला हाक दिली, "तिच्या मागं चला." मीसुद्धा गेलो. स्तंभामुळे तिची ताकद दीडपट झाली होती. खालची बिजागरी तुटली, मग वरची, आणि दरवाजा सावकाश बाहेरच्या बाजूला, सरदाराच्या टोळीवर पडला.

वाल्मिक उठून उभा राहिला. आता चौकटीवर अक्षरं उमटणार होती. त्याने मोबाईल दोन्ही हातांत धरला होता.

चौकटीवर आलं: काळीशेळीची टोळी.

 वाल्मिक माझ्याकडे वळला. ते बारीक अक्षरातलं कलम मी त्याला तेव्हा वाचून दाखवलं: ज्या आठवड्यात दरवाजा फुटेल, त्या आठवड्यात स्तंभावर ज्याचं नाव असेल, त्याच्या नावाने टोळी ओळखली जाईल.

"आदी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही पुरे म्हणालात."

त्याने पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. आत पुष्पावती कांदा चिरत होती आणि तिने मान वर केली नाही. "समर्थचं नाव आलं असतं," तो शेवटी म्हणाला. "त्यापरीस बरं." थोड्या वेळाने बाहेर जाऊन त्याने शेळीला मूठभर जास्तीचा पाला घातला. सूर्यभानचा फोन आला, तेव्हा माझ्यासमोरच त्याला सांगितलं की आमच्या टोळीचं पहिल्यापासून हेच नाव होतं.

आषाढात नवा हंगाम लागला. सगळं पुसलं गेलं, चौकटीवरचं नाव तेवढं राहिलं. मी ओट्यावर बसून नवं सूचनापत्रक वाचलं, या वेळी वाल्मिकने मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं. या हंगामात नावा होत्या, नदी होती, बुडालेलं देऊळ होतं. शेकोट्या बंद झाल्या होत्या. गौरवस्तंभ काढून टाकले होते.

"स्तंभ गेलं?" वाल्मिकने खात्री करून घेतली.

गेले, मी म्हटलं.

तो निवांत भिंतीला टेकला. तेवढ्यात पुष्पावती चहा घेऊन बाहेर आली. मला कप दिला. त्याचा कप हातातच ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

"खेळातला गेला," ती म्हणाली. "आज गुरुवार हाय."

वाल्मिकने कपाकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं, आणि घसा साफ केला.